१८ मिनिटं, २५ हजार चित्रं

मराठीत ‘सस्पेन्स’ म्हटलं की आपण सरळ ‘रहस्य’ म्हणून मोकळे होतो. खून कुणी केला ते शेवटच्या पानापर्यंत कळत नाही, म्हणून ती रहस्यकथा. इथवर ठीक. पण सगळं ठाऊक असूनही छातीत धडधडतं, त्याला काय म्हणायचं? अफझलखानाचा पोवाडा घ्या. ऐकायला बसलेल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं की महाराजांच्या अंगरख्याखाली चिलखत आहे, मुठीत वाघनखं आहेत आणि खान काही परत जात नाही. तरीही शाहीर खानाला शामियान्यात बसवतो, महाराजांना गडावरून खाली आणायला मुद्दाम वेळ घेतो, डफावरची थाप हळू करतो... आणि सगळा फड श्वास रोखून बसतो. यात रहस्य औषधालाही नाही. आहे ते फक्त वाट पाहणं. त्याला उत्कंठा म्हणा, ताण म्हणा, काहीही म्हणा.

हे आठवायला निमित्त घरातलंच आहे. ताईची लेक ॲनिमेशन शिकते. तिला तीन मिनिटांचा एक छोटा चित्रपट करायचाय आणि अट एकच, बघणाऱ्याचा ताण शेवटपर्यंत वाढत गेला पाहिजे. सध्या तिची वही अंधारे जिने, करकरणारी दारं आणि खिडकीबाहेरच्या सावल्या यांनी भरली आहे. मला साधी रेघ सरळ ओढता येत नाही, त्यामुळे चित्रांबद्दल मी काय बोलणार! पण जुन्या गोष्टी उकरून काढायची खोड आहे. तेव्हा म्हटलं, जिने-दारं जरा बाजूला ठेव आणि आधी १९१८ सालचा एक चित्रपट बघ. बारा मिनिटांचा, मूक, काळापांढरा. नाव ‘द सिंकिंग ऑफ द लुसिटानिया’. तूनळीवर फुकट आहे. आज त्याचीच गोष्ट सांगते, म्हणजे आम्ही दोघी फोनवर तासन् तास काय बोलत असतो, हे बाकीच्या मंडळींनाही कळेल.

आधी घडलं काय, ते.

पहिलं महायुद्ध सुरू होऊन नऊ महिने झाले होते. क्युनार्ड कंपनीची ‘लुसिटानिया’ ही मोठी प्रवासी बोट १ मे १९१५ ला न्यूयॉर्कहून लिव्हरपूलला जायला निघाली. त्याच दिवशी सकाळी तिथल्या वर्तमानपत्रांत जर्मन वकिलातीचा इशारा छापून आला होता: ब्रिटनभोवतीचा समुद्र हे युद्धक्षेत्र आहे, ब्रिटिश जहाजातून जाणार असाल तर आपापल्या जबाबदारीवर जा. बहुतेकांनी तो मनावर घेतला नाही. ७ मे ला दुपारी दोन वाजून दहा मिनिटांच्या सुमारास, आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, यू-२० या जर्मन पाणबुडीने सोडलेला टॉर्पेडो जहाजाला लागला. पाठोपाठ आतून आणखी एक मोठा स्फोट झाला. जहाज उजवीकडे असं काही कललं, की डाव्या बाजूच्या होड्या आत डेकवर आपटू लागल्या आणि उजव्या बाजूच्या लांब बाहेर लोंबकळू लागल्या. ४८ होड्यांपैकी जेमतेम ६ धड पाण्यात उतरल्या. १८ मिनिटांत सगळं संपलं. तीनच वर्षांपूर्वी टायटॅनिकला बुडायला दोन तास चाळीस मिनिटं लागली होती, त्यावरून या अठरा मिनिटांचा अंदाज करा. जहाजावर सुमारे १९६० माणसं होती. त्यांतली जवळजवळ १२०० गेली. त्यात १२८ अमेरिकन होते, आणि नव्वदहून अधिक मुलं.

कॅमेरा तिथे कुणाकडेच चालू नव्हता. जगभर गाजलेल्या या घटनेची चार फूट फिल्मसुद्धा नव्हती. ती पोकळी भरायचं एका चित्रकाराने मनावर घेतलं.

विन्सर मॅके हा वर्तमानपत्रातला चित्रकार. ‘लिटल नेमो’ ही त्याची रविवारची चित्रमालिका १९०५ पासून अमेरिकेत घरोघरी वाचली जात होती. १९१४ साली त्याने ‘गर्टी’ नावाची डायनोसॉर पडद्यावर नाचवली, तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली. पण लुसिटानियाच्या वेळी तो नोकरीला होता विल्यम रँडॉल्फ हर्स्टच्या वृत्तपत्रांत, आणि अमेरिकेने युद्धात पडू नये असं या हर्स्टसाहेबांचं ठाम मत. त्यामुळे दिवसा मॅके मालकाच्या धोरणाप्रमाणे युद्धविरोधी व्यंगचित्रं काढायचा, आणि उरलेल्या वेळात ब्रुकलिनच्या शीप्सहेड बे भागातल्या आपल्या घरी, स्वतःच्या खर्चाने, बुडणारं जहाज काढायचा. मदतीला जॉन फिट्झसिमन्स आणि ॲप ॲडम्स हे दोन गडी. काम जवळपास दोन वर्षं चाललं. दिवसा एक मत, रात्री दुसरं. नोकरदार माणसाला हे समजायला जड जाऊ नये!

आता मुद्द्याची गोष्ट: त्याने आखणी कशी केली असेल?

आज ॲनिमेशन म्हटलं की आधी स्टोरीबोर्ड. भिंतीवर ओळीने चित्रं टाचायची आणि गोष्ट पुढे सरकते का ते बघायचं. पण ही पद्धत रुळली डिस्नेच्या स्टुडिओत, १९३० नंतरच्या दोन-चार वर्षांत. मॅकेकडे स्टोरीबोर्ड नव्हता, मात्र त्याहून मुरलेली एक सवय होती. १९०४ पासून तो ‘ड्रीम ऑफ द रेअरबिट फीन्ड’ नावाची चित्रमालिका काढत होता. तिची घडण दर वेळी एकच. रात्री चीजचा एक जड पदार्थ खाऊन कुणीतरी झोपतं आणि त्याला स्वप्न पडतं. पहिल्या चौकटीत काहीतरी किरकोळ बिनसतं, दुसऱ्यात जरा जास्त, तिसऱ्यात हाताबाहेर जातं. चौकटीमागून चौकट संकट फुगत जातं आणि अगदी कडेलोटाच्या वेळी शेवटच्या चौकटीत माणूस दचकून जागा होतो. बिचारा नेमोही दर रविवारी असाच जागा व्हायचा, बऱ्याचदा पलंगावरून खाली पडून. म्हणजे ताण पायरीपायरीने कसा चढवायचा याचा रियाज या माणसाने वर्षानुवर्षं केला होता. पुढची चौकट काय हे वाचकाला साधारण कळलेलं असतं, तरी तो पुढे वाचतो. कळलेलं असतं म्हणूनच वाचतो.

त्याचा १९१२ चा डासाचा चित्रपट (‘हाऊ अ मॉस्किटो ऑपरेट्स’) बघा, म्हणजे लक्षात येईल. टोपी घातलेला एक टग्या डास झोपलेल्या माणसाचं रक्त पीत बसतो. पितो, पोट फुगतं. पुन्हा पितो, आणखी फुगतं. आता हा फुटणार हे पाचवीतला मुलगाही सांगेल. तरी आपण टक लावून बसतो, आणि शेवटी तो फुटतोच. सहा मिनिटांच्या या विनोदात सगळा सांगाडा आहे: येणारी गोष्ट आधी दाखवा, मग तिला उशीर करा.

लुसिटानियात मॅकेने हाच सांगाडा वापरला, फक्त विनोद काढून टाकला. सुरुवातीला स्वतः मॅके पडद्यावर दिसतो, घटनेची माहिती घेतो, आणि पाट्या आपल्याला सांगतात की तुम्ही आता एका ऐतिहासिक घटनेची नोंद बघताय. मग जहाज स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यावरून निवांत बाहेर पडतं. काही वेळाने पाणी कापत पाणबुडी येते. ती आपल्याला दिसते, जहाजावरच्यांना दिसत नाही. हिचकॉकने पुढे टेबलाखालच्या बाँबचं उदाहरण देऊन हेच समजावलं. बाँब अचानक फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण तो आहे हे आधीच दाखवलं तर पात्रं हवापाण्याच्या गप्पा मारत असताना प्रेक्षक घामाघूम होतो. आमच्या शाहिरांना हे सांगायला हिचकॉकची गरज नव्हती म्हणा!

टॉर्पेडो लागतो. धूर उठतो, वाढत वाढत सगळा पडदा झाकतो. आणि मग ज्याने माझ्या अंगावर काटा आला ती गोष्ट: मॅके जवळ जात नाही. जहाज लांबून दिसतं, जणू कुणी दुसऱ्या बोटीवरून बघतंय. कलत्या डेकवरून ठिपक्यांएवढी माणसं सुटून खाली पडतात. एक, मग दोन, मग ओळीने. होड्या उलटतात. कुणाचा चेहरा नाही, किंचाळणं नाही (मूकपटच तो). बघणारा मात्र हतबल, कारण त्याला इतक्या लांब बसवलंय, की हात पुढे करायची सोय नाही.

यामागचं तंत्रही बघण्यासारखं आहे. गर्टीच्या वेळी मॅके पातळ कागदावर काढायचा, आणि प्रत्येक कागदावर मागचे डोंगर-झाडं फिट्झसिमन्सने नव्याने गिरवायची. हजारो वेळा तेच डोंगर! लुसिटानियासाठी त्याने पहिल्यांदा सेल्युलॉइडचे पारदर्शक पत्रे वापरले. आता जहाज एका थरावर, पाणी दुसऱ्या. लाटांचं काम फिट्झसिमन्सकडे. त्याने सोळा चित्रांचं एक चक्र काढलं: सोळावं संपलं की पुन्हा पहिलं. हेतू कष्ट वाचवण्याचा. पण पडद्यावर त्याचा परिणाम भलताच झाला. लाटा एकाच ठेक्यात येत राहतात. जहाज सरळ असताना तोच ठेका, कलल्यावर तोच, माणसं पडू लागल्यावरही तोच. समुद्राला सोयरसुतक नाही. तबलजीने ठेका न बदलता धरून ठेवावा आणि वर गाणं कोसळत जावं, तसं काहीसं वाटतं. ताण वाढवायला दर वेळी काहीतरी वाढवावंच लागतं असं नाही, एखादी गोष्ट हट्टाने तशीच ठेवूनही तो वाढतो, हे या सोळा चित्रांनी मला दाखवलं.

या चित्रपटात २५,००० चित्रं आहेत असा दावा त्याच्या पाट्यांतच केलेला आहे. सेकंदाला सोळा चौकटी धरल्या तर बारा मिनिटांच्या होतात ११,५२०. पण एका चौकटीत दोन-तीन थर एकावर एक असतात, हे लक्षात घेतलं की आकडा तितकासा फुगवलेला वाटत नाही.

शिवाय मॅकेची आणखी एक शिस्त होती. हालचालीची पहिली आणि शेवटची अवस्था आधी काढायची, मग मधली, मग त्यांच्या मधल्या. गर्टीपासून तो असंच करत होता. म्हणजे काढणाऱ्याला शेवट सर्वांत आधी माहीत असतो. पहिल्यांदा तो शेवट काढतो आणि मग तिथवर पोचायला किती उशीर लावायचा, हे ठरवत बसतो.

याच सुमारास आपल्याकडे दादरला एक माणूस असाच एकेक चौकट टिपत बसला होता, हे सांगायचा मोह आवरत नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीच्या चौकटी घेतल्या. महिन्याभराचा खेळ पडद्यावर मिनिटभराचा झाला. वाटाणा उगवणार हे कुणाला ठाऊक नव्हतं? तरी ‘अंकुराची वाढ’ बघून पैसे लावणारा गृहस्थ तयार झाला, आणि ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. पुढे १९१५ च्या सुमारास फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा काड्यापेटीच्या काड्यांचा खेळही केला. फाळक्यांनी काळ आवळला आणि बघणाऱ्याला जन्म दिसला. मॅकेने एक मरण चित्राचित्राने उलगडलं. दोघांच्याही हातात एकच किल्ली होती: बघणाऱ्याने किती वेळ वाट पाहायची, हे कॅमेऱ्यामागचा माणूस ठरवू शकतो.

आणि इथेच मला जरा थांबावंसं वाटतं. कारण वाट किती पाहायची याबरोबर, वाट कुणाबरोबर पाहायची, हेही तोच ठरवतो.

डासाच्या चित्रपटात आपण निम्मे डासाच्या बाजूचे असतो. लुसिटानियात पाणबुडीच्या आत आपण एकदाही जात नाही. ती एक काळी आकृती, बस्स. जहाज मरताना आपल्याला नामांकित बळींची छायाचित्रं दिसतात, आणि अगदी शेवटी एक आई. जहाज दिसेनासं झालंय, ती बुडतेय आणि बाळाला पाण्याच्या वर धरू पाहतेय. एवढा वेळ लांब ठेवलेल्या बघणाऱ्याला मॅके इथे जवळ नेतो. त्यानंतर पाटी येते. तिचा मथितार्थ असा, की हे करणाऱ्याला कैसरने पदक दिलं, आणि तरी आम्हाला सांगतात जर्मनांचा द्वेष करू नका. बारा मिनिटं साठवलेला सगळा ताण या एका वाक्यातून बाहेर सोडलाय. धरणाचं दार उघडावं तसा.

आता इतिहास काय सांगतो, ते बघा. चित्रपटात दोन टॉर्पेडो आहेत. पाणबुडीचा कप्तान वाल्टर श्वीगर याने सोडला होता एकच. पण यात मॅकेला खोटारडा म्हणता येणार नाही, कारण ब्रिटनमध्ये लॉर्ड मर्सी यांच्या अधिकृत चौकशीनेच १९१५ साली दोन टॉर्पेडो लागल्याचा निष्कर्ष काढला होता. दुसरा स्फोट वाफेच्या नळ्यांचा, कोळशाच्या भुकटीचा, की मालाचा, यावर अजून वाद चालतात. जहाजाच्या मालात रायफलची सुमारे ४२ लाख काडतुसं होती, हे मात्र कागदोपत्री आहे. चित्रपटात त्यांचा उल्लेख नाही. श्वीगरला पदक मिळालं १९१७ च्या जुलैत, त्याने तोवर बुडवलेल्या एकूण जहाजांच्या टनभाराबद्दल. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तो स्वतःच्या पाणबुडीसकट समुद्रात गेला. चित्रपट झळकला जुलै १९१८ मध्ये. म्हणजे ज्याचा द्वेष करा म्हणून सांगितलं जात होतं, तो माणूस दहा महिन्यांपूर्वीच बुडून मेला होता. अमेरिका युद्धात उतरून सव्वा वर्ष होत आलं होतं आणि चारच महिन्यांत युद्धही संपलं.

काडतुसांमुळे बाराशे माणसं मारणं बरोबर ठरत नाही, हे सांगायला नको. त्या नव्वद मुलांच्या खिशात काडतुसं नव्हती. पण ताण उभा करणाऱ्याच्या दृष्टीने दोन टॉर्पेडो सोयीचे होते, हेही खरं. बुडू लागलेल्या जहाजावर दुसरा घाव बसला, की गोष्ट एक पायरी वर चढते. चौकशीचा निष्कर्ष आणि गोष्टीची गरज इथे नेमकी जुळली. आणि चित्र इतकं शांत, इतकं ‘नोंद’ वाटणारं, की पुढे कुणी त्या चौकटीकडे बोट दाखवून असं झालं का म्हणून विचारणं अवघड. लेखात दोन टॉर्पेडो वाचले तर आपण वाद घालतो. डोळ्यांनी पाहिले की संपलं. पोवाड्यातही हेच होतं, पण पोवाडा ऐकताना समोर शाहीर उभा असतो, डफ त्याच्या हातात दिसतो, हा कुणाच्या बाजूने गातोय हे कळत असतं. मॅके सुरुवातीला दोन मिनिटं दिसतो आणि मग आपण त्याला विसरून जातो.

भाचीचं म्हणणं असं, की मग हा चित्रपट चांगला की वाईट ते सांग. मला तसं एका शब्दात सांगता येत नाही. एवढं दिसतं, की पहिली रेघ काढण्याआधी आखणीत दोन प्रश्न सुटलेले हवेत: बघणारा कुणाबरोबर वाट पाहणार, आणि शेवटी त्याच्या हातात काय ठेवणार. जिना अंधारा की दार करकरणारं, हे नंतर बघता येतं.

राहून राहून मला ती आई आठवते. बाराशेपैकी फक्त २८९ मृतदेह सापडले आणि त्यांतल्या ६५ जणांची ओळखच पटली नाही. वर्तमानपत्रांत छापायला कोट्यधीशांची छायाचित्रं होती, मॅकेनेही ती चित्रपटात घेतली. पण उरलेल्या शेकडो लोकांचा चेहरा कुणाकडे नव्हता. म्हणून ती आई कोण, हे विचारण्यात अर्थ नाही. अशी एखादी तिथे नक्की होती. तिच्यानंतर आलेली पाटी झाकून तेवढंच बघितलं तर ते शोकाचं चित्र आहे. पाटीसकट बघितलं तर ते युद्धाचं पोस्टर आहे. चित्र दोन्ही वेळा तेच.

रेअरबिटच्या स्वप्नांत शेवटच्या चौकटीत माणूस जागा व्हायचा, घामाने भिजलेला पण आपल्याच पलंगावर. वर्षानुवर्षं न चुकता ती चौकट काढणाऱ्या मॅकेने या वेळी ती काढली नाही. काढणार तरी कशी? इथे झोपलं कुणीच नव्हतं.